गाळ म्हणून जे वाटताय तो धरणातला गाळ नाहीये, साहेब

मा. मुख्याधिकारी साहेब, नगराध्यक्ष आणि आपल्या गावातले सगळे नगरसेवक भाऊ-ताई,

नमस्कार.

तुमच्या घंटागाडीच्या भोंग्यावर सध्या एक नवीन रेकॉर्ड वाजतं. कचऱ्याचं गाणं संपलं की एका बाईचा गोड आवाज येतो, शेतकरी बांधवांसाठी आनंदाची बातमी, सांडपाणी प्रकल्पातला सेंद्रिय गाळ मोफत, फक्त ट्रॅक्टर घेऊन या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चौकात चहा पीत होतो आणि खोटं कशाला बोलू, मला पण बरं वाटलं. आमच्याकडे शेणखताची ट्रॉली चार-साडेचार हजाराच्या खाली नाही, ती पण अर्धी माती. त्यात केळी म्हणजे खादाड पीक. मग फुकट म्हटल्यावर लोक पळणारच. आमच्या शिवारातून चौदा-पंधरा जण गेले आणि त्यात आमचे आप्पा, माझे सख्खे काका, सगळ्यात पुढे. मी म्हटलं आप्पा जरा थांबा, तर म्हणे, "फुकट शे ना भो, मंग का बरं नही लेवानं?"

हे सगळं मी आधी साध्या अर्जात लिहून दिलं होतं. आवक-जावकचा शिक्का मारून घेतला, तीन महिने झाले, उत्तर नाही. दोनदा येऊन गेलो, एकदा साहेब मीटिंगला आणि एकदा साहेब जिल्ह्याला. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय. कोणाची बदनामी करायची नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, म्हणून गावाचं नाव पण घालत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

सगळ्यात आधी त्या शब्दाबद्दल. शेतकऱ्याला गाळ म्हटलं की काय आठवतं, तर धरणातला, पाझर तलावातला गाळ. 2017 पासून सरकारनेच 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' म्हणून ती योजना घरोघर पोचवली, आणि तो गाळ चांगलाच असतो, डोंगरावरून वाहून आलेली सुपीक माती, हलक्या रानात टाकली की दोन वर्षं पीक हसतं. तुम्ही तोच शब्द उचलून गटाराच्या प्रकल्पातल्या गाळाला लावला. मुद्दाम लावला असं म्हणत नाही, इंग्रजीतलं स्लज मराठीत करताना कोणीतरी सहज लिहिलं असेल, पण आप्पासारख्या माणसाला त्या एका शब्दाने फसवलं. त्याला वाटतं हतनूरच्या धरणातलंच काहीतरी आहे.

आता मी कोण आणि मला काय एवढं कळतं. मी केमिस्ट्रीत बीएस्सी. शेतीत येण्याआधी आठ वर्षं नाशिकला एका प्लेटिंगच्या कारखान्यात लॅबमध्ये होतो. नटबोल्टला झिंक, नळाला निकेल-क्रोम, असलं काम. तिथे धुण्याच्या पाण्यावर प्रक्रिया केली की खाली हिरवट-करडा चिखल बसायचा, फिल्टर प्रेसमधून त्याच्या वड्या निघायच्या. त्या वड्यांना हात लावायचा तर ग्लोव्हज. पोत्यात भरायच्या, वजन करायचं, पोत्यावर घातक कचऱ्याचं लेबल लावायचं, मॅनिफेस्टचा, म्हणजे कचरा कुठून कुठे गेला त्याचा फॉर्म भरायचा आणि मग बंद गाडीतून रांजणगावच्या बाजूला घातक कचऱ्याच्या साईटवर. एक पोतं जरी हिशोबात कमी पडलं तर मॅनेजरची झोप उडायची, कारण प्रदूषण मंडळाची नोटीस. आणि इथे घरी आलो तर गटारातल्या पाण्याचा साका उघड्या ट्रॉलीत, वर पोरं बसलेली, आणि चालला वावरात. दोन्ही एकसारखं विषारी आहे असं मी म्हणत नाही, प्लेटिंगच्या चिखलात धातू टक्क्यात असतो, गावाच्या गाळात किलोमागे मिलिग्रॅममध्ये. पण तिथे प्रत्येक किलोचा कागद होता, इथे अख्ख्या ढिगाचा एक कागद नाही.

आप्पांच्या वावरात पाच ट्रॉल्या पडल्या, एका एकरात. मी दुसऱ्या दिवशी बघायला गेलो. काळा, भुसभुशीत, वास फारसा नाही, मोठा छान दिसत होता. हातात घेऊन चोळला तर त्यात केस, शॅम्पूच्या पुडीचे तुकडे, एक बॉलपेनचं टोपण. आठ-दहा दिवसांनी पाणी दिल्यावर त्यात टोमॅटो उगवले. शेकड्याने. कोणी लावलेले नाही, पेरलेले नाही. आप्पा मला फोन करून सांगतात, "टमाटा उगी राह्यनात, देख कसं जोरदार खत शे!" मी हसू का रडू. टोमॅटोचं बी माणसाच्या पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं, गटारातून, प्रकल्पातून, सगळीकडून वाचतं आणि शेवटी वावरात येऊन उगवतं. जिथे टोमॅटोचं बी वाचतं तिथे जंताची अंडी पण वाचतात, पण तो विषय मी आज सोडून देतो, कारण जंत मरतात. नीट कंपोस्ट केलं, आत गरमी आली, चुना मारला, तर मरतात. मला ज्याची भीती आहे ते मरत नाही.

कॅडमियम, शिसं, क्रोमियम, निकेल, पारा. हे धातू आहेत, साहेब. जिवाणू त्यांना खाऊ शकत नाही, पारा सोडला तर उन्हाने उडत नाहीत, कुजत नाहीत. सांडपाण्याच्या प्रकल्पात होतं काय तर हे धातू घाणीच्या कणांना चिकटतात आणि कणांबरोबर खाली बसतात. वरचं पाणी स्वच्छ होऊन नदीत जातं, फोटो काढायला बरं दिसतं, पण त्या लाखो लिटर पाण्यातला बराचसा धातू त्या ढिगात गोळा झालेला असतो. प्रकल्प जितका चांगला चालेल तितका धातू गाळात जास्त. आणि कोणी म्हणेल कंपोस्ट करून देऊ, तर कंपोस्टमध्ये सेंद्रिय भाग जळून वजन कमी होतं, धातू तेवढाच राहतो, म्हणजे किलोमागे उलट वाढतो. वावरातही तेच होणार, शेणखताचा गुण दोन-तीन वर्षात संपेल, धातू मात्र आप्पांच्या नातवाच्या वेळेलाही तिथेच.

तुमच्या पाणीपुरवठा विभागातले एक साहेब मला म्हणाले, आपल्या गावात कुठे केमिकल फॅक्टरी आहे भाऊ, सगळं घरगुती सांडपाणी आहे. चांगला माणूस आहे, मनापासून बोलला. पण मी त्यांना म्हटलं, सकाळी सराफ गल्लीत चक्कर मारा. तिथे गटाराच्या कडेला झारेकरी बसलेले दिसतील, पाटी घेऊन गटारातला चिखल धुणारे. पिढ्यान्‌पिढ्या ते त्या चिखलातून सोन्याचे कण काढतात आणि त्यावर घर चालवतात. म्हणजे सोनारकामातला धातू गटारात जातो हे झारेकऱ्याला आजोबाच्या काळापासून माहिती आहे आणि आपल्या ऑफिसला अजून माहिती नाही. तो सोनं वेचून घेतो, बाकीचं पुढे वाहतं, तांबं, चांदी, दागिने उजळायच्या ॲसिडमधलं पाणी. आणि 'केडीएम' हा शब्द तर आपल्या बायाबापड्यांना पाठ आहे, दुकानाच्या पाटीवर वर्षानुवर्षं होता. केडीएम म्हणजे कॅडमियमच्या डाकाचं, म्हणजे झाळणीचं सोनं. तो डाक वितळवताना जो धूर निघतो तो कारागिराच्या फुप्फुसाला आणि किडनीला घातक म्हणून त्याला बंदी आली. खान्देशात सोन्याचा धंदा किती, हे मी सांगायला नको.

मग बॅटरीवाले, जुन्या बॅटरीचं ॲसिड ओततात ते सरळ नालीत, त्यात शिसं. रेडिएटर झाळणारे. गॅरेज. रंगाची दुकानं, पेंटरचे ब्रश धुतलेलं पाणी. घरातले जुने जीआय पाईप, त्यांच्यावरचं झिंक हळूहळू सुटतं. पहिल्या पावसात रस्त्यावरचा टायरचा काळा भुगा गटारात. फुटलेली ट्यूबलाईट, दाताच्या दवाखान्यातला पारा. एकेकाचा वाटा चिमूटभर, पण प्रकल्प म्हणजे सगळ्या चिमट्या एका ठिकाणी गोळा करायचं मशीनच आहे.

बरं, मग आपल्या ढिगात नेमकं किती आहे? तेच तर मी विचारतोय. माहिती अधिकारात अर्ज टाकला. उत्तरात एक पानाचा रिपोर्ट आला. नत्र, स्फुरद, पालाश, पीएच, सेंद्रिय कर्ब, ओलावा. बस. धातूंच्या प्रश्नापुढे लिहिलंय, "सदर माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही." म्हणजे टेस्ट केलीच नाही. उद्या टेस्टमध्ये सगळं मर्यादेच्या आत निघालं तर मी स्वतः ट्रॅक्टर घेऊन येईन, हे लिहून देतो. पण टेस्ट न करता 'सेंद्रिय', 'मोफत', 'आनंदाची बातमी' हे कोणत्या हिशोबाने?

नियम नाहीत असं पण नाही. रासायनिक खताला जसा 1985 चा खत नियंत्रण आदेश लागतो तसा त्यातच शहराच्या कचऱ्यापासून बनवलेल्या कंपोस्टला धातूंची मर्यादा दिलेली आहे. एका किलोला कॅडमियम 5 मिलिग्रॅम, शिसं 100, क्रोमियम 50, निकेल 50, तांबं 300, झिंक 1000, आर्सेनिक 10 आणि पारा 0.15. 2016 च्या घनकचरा नियमांतही कंपोस्टसाठी हेच आकडे. म्हणजे ओल्या कचऱ्याचं, भाजीच्या देठाचं खत विकायचं तर हे आठ धातू तपासायचे, आणि गटाराचा गाळ फुकट वाटायचा तर काहीच नाही? फुकट आहे म्हणून पिकाला कळणार आहे का?

बाहेरच्या देशात सगळे वेडे आहेत असं नाही, तिथे पण गाळ शेतात टाकतात. अमेरिकेत मिलवॉकी नावाच्या शहराने 1926 पासून गाळाचं खत करून विकलंय. पण 1993 च्या त्यांच्या नियमात कॅडमियम किलोला 85 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर गाळ शेतात जाऊच शकत नाही, आणि चांगल्या प्रतीचा म्हणायचा तर 39 च्या आत पाहिजे. युरोपने 1986 मध्ये 20 ते 40 ठरवलं, आणि नुसतं गाळात किती हे नाही तर ज्या मातीत टाकायचा तिच्यात आधीच किती आहे ते पण बघायचं, मातीत किलोला 1 ते 3 मिलिग्रॅमची मर्यादा गाठली की टाकणं बंद. स्वित्झर्लंडने तर शेतात गाळ टाकायलाच बंदी केली. आकडे वेगवेगळे आहेत, त्यावर भांडण पण आहे, पण मोजल्याशिवाय टाकायला कोणीच सांगत नाही.

मी आप्पांच्या वहीच्या मागच्या पानावर हिशोब करून दाखवला, तुम्हाला पण दाखवतो. पाच ट्रॉल्या, ट्रॉलीला तीन टन धरा, त्यात निम्मं पाणी, म्हणजे कोरडा गाळ साडेसात टन. कॅडमियम मर्यादेइतकं, म्हणजे 5 मिलिग्रॅम असेल तर एका एकरात साडेसदतीस ग्रॅम. 20 असेल तर दीडशे ग्रॅम. वरच्या अर्ध्या फुटातली एकरभर माती साधारण आठ लाख किलो भरते, त्यात दीडशे ग्रॅम मिसळलं तर किलोमागे जवळजवळ 0.19 मिलिग्रॅम वाढ. आप्पा म्हणाले एवढंसं? हो, एवढंसं. पण दरवर्षी पाच ट्रॉल्या याच हिशोबाने दहा वर्षं टाकल्या की जवळजवळ 2 मिलिग्रॅम, म्हणजे युरोपवाले जिथे थांबा म्हणतात तिथे आपण पोचलो, आणि परत यायचा रस्ता नाही. माती धुवून कॅडमियम काढायचं म्हणजे वावर विकून वावर साफ करण्यासारखं आहे.

प्रामाणिकपणे एक गोष्ट आमच्या जमिनीच्या बाजूची पण सांगतो, नाहीतर म्हणाल भीती घालतोय. आपली काळी कसदार जमीन, पीएच आठच्या आसपास, चिकण जास्त, ती धातू धरून ठेवते, पिकाला लवकर सोडत नाही. आंबट जमिनीत हेच काम फार वाईट झालं असतं. आणि केळीच्या फळात धातू पानापेक्षा, मुळापेक्षा कमीच जातो. पण इथे दोन गोष्टी आडव्या येतात. एक म्हणजे क्लोराईड. क्लोराईड असलं की कॅडमियम मातीची पकड सोडून पाण्यात येतं, आणि केळीला आपण पालाश कोणतं देतो? म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराईडच की, पोत्यांनी. वरून कित्येकांच्या बोअरचं पाणी खारं. दुसरं म्हणजे केळी काढली की त्याच वावरात लोक मेथी, पालक, पोकळा घेतात, बाजाराला नगद पैसा. पालेभाजी कॅडमियम सगळ्यात पटकन उचलते.

आणि वांगी. वांग्याच्या झाडाला मुळातून कॅडमियम वर ओढायची खोडच असते. जपानमध्ये तर त्यासाठी रानवांग्याच्या खुंटावर कलम करून बघितलं, तेव्हा फळातलं कॅडमियम बरंच कमी झालं. आता जळगावच्या भरीताच्या वांग्याला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, केळीला पण त्याच वर्षी, आपण छाती फुगवून सांगतो. थंडीत वावरात कापसाच्या काड्यांवर वांगी भाजायची, बडग्याने ठेचायची, कळण्याच्या पुऱ्या नाहीतर भाकरी, चाळीस माणसं पंगतीला. पुण्या-मुंबईचे पाहुणे त्यासाठी गाडी करून येतात. त्या वांग्याच्या वाफ्यात तुमचा बिनतपासणीचा गाळ असेल तर मी पाहुण्याला वाढताना काय तोंडाने वाढू?

कॅडमियम एकदा अंगात गेलं की किडनीत बसतं आणि दहा-दहा, वीस-वीस वर्षं निघत नाही. जपानमध्ये जिन्झू नदीकाठच्या बायकांची हाडं ठिसूळ झाली, त्या दुखण्याला लोकांनी 'इताई-इताई' म्हणजे दुखतंय-दुखतंय असंच नाव दिलं, आणि 1968 मध्ये सरकारने मान्य केलं की वरच्या खाणीतलं कॅडमियम पाण्यातून भातात आलं होतं. आपल्याकडे खाण नाही आणि गावाचा गाळ म्हणजे खाणीचं पाणी नाही, तेवढी भीती मी घालत नाही. पण तिथे पण कारण सापडेपर्यंत कित्येक वर्षं गेली, कारण डोळ्याला दिसत नाही, जिभेला लागत नाही.

आमच्या कृषी सहाय्यकांना विचारलं तर म्हणाले मृदा आरोग्य पत्रिका आहे ना. आहे, कपाटात आहे. तिच्यात बारा गोष्टी तपासतात, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, झिंक, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, पीएच, क्षारता आणि कर्ब. कॅडमियम नाही, शिसं नाही. म्हणजे उद्या माझं वावर खराब झालं तरी माझ्या कार्डावर सगळं हिरवं दिसेल.

पैशाचं पण सांगतो, कारण पैशाचं लवकर कळतं. आमच्या भागातली केळी आता कंटेनरने आखातात जाते. ज्यांना ग्लोबल गॅपचं, म्हणजे चांगल्या शेतीपद्धतीचं सर्टिफिकेट पाहिजे त्यांच्या फॉर्मवर सरळ लिहिलेलं असतं, शेतात मानवी सांडपाण्याचा गाळ वापरायचा नाही. हो-नाही करायला जागाच नाही. तुमच्या ट्रॉल्या नेणाऱ्यात किमान दोघं असे आहेत ज्यांना पुढच्या वर्षी एक्स्पोर्ट करायचंय. कोणी सांगितलं का त्यांना? ट्रॉली भरताना रजिस्टरमध्ये नाव, आधार आणि ट्रॅक्टरचा नंबर घेता, कुठल्या गटात टाकणार ते विचारत नाही. म्हणजे उद्या काही निघालं तर कोणाच्या वावरात शोधायचं हे पण तुम्हाला माहिती नसणार.

आणि तो उरलेला ढीग दिवाळीपासून नाल्याच्या काठावर उघडा पडलाय. जूनला पाऊस पडला की तो नाल्यातून तापीत. पुढचं सांगत नाही.

आता मागण्या. फार मोठ्या नाहीत, नवीन मशीन नको, निधी नको. पहिलं, वाटप आजपासून थांबवा आणि भोंग्यावर तसं सांगा, ज्या बाईच्या आवाजात आनंदाची बातमी दिली त्याच आवाजात. दुसरं, ढिगाचे चार-पाच ठिकाणचे नमुने शेतकऱ्यांसमोर घ्या, सील करा, मान्यताप्राप्त लॅबला आठही धातूंसाठी पाठवा. एका नमुन्याला काही हजार खर्च येईल, स्वागत कमानीच्या लायटिंगपेक्षा नक्की कमी. तो रिपोर्ट नगरपरिषदेच्या फलकावर लावा, मराठीत, आणि पुढेही दर तीन महिन्याला. तिसरं, मर्यादेच्या वर निघालं तर तो गाळ शेताकडे अजिबात नको, प्रदूषण मंडळाला विचारून त्याची सोय लावा, आणि आत निघालं तर एकराला किती, किती वर्षांनी, कोणत्या पिकाला नाही, हे छापून द्या. पालेभाजी, वांग्याला नाही हे मोठ्या अक्षरात. ज्यांनी आधीच नेलाय त्यांची यादी काढून त्यांच्या मातीची तपासणी तुमच्या खर्चाने करा, आप्पा धरून. आणि गटारात धातू येतो कुठून ते बघा, सराफ गल्ली, बॅटरीवाले, गॅरेजवाले यांना नोटिसा मारत सुटू नका, गरीब कारागीर आहेत, त्यांना बसवून ॲसिड आणि धुण्याचं पाणी वेगळं जमा करायची सोय करून द्या. झारेकऱ्यांना विचारा, कुठल्या नालीत काय वाहतं ते त्यांना तुमच्या इंजिनिअरपेक्षा जास्त माहिती आहे. हे मी खरंच गंभीरपणे सांगतोय.

आणि तोपर्यंत त्याला नुसतं गाळ म्हणू नका. सांडपाण्याचा साका म्हणा, मैला गाळ म्हणा, कितीही वाईट वाटलं तरी.

सोमवारी आप्पांच्या दुसऱ्या वावराचा नंबर लागलाय, ट्रॅक्टर सांगून ठेवलंय. तिथे त्यांना भरीताची वांगी लावायचीयेत. मी नको म्हणून सांगितलं तर म्हणाले, नगरपालिका सरकारी शे, सरकार का बरं खराब दीन? मी गप्प बसलो. सोमवारच्या आत उत्तर दिलंत तर बरं होईल, ते घेऊन त्यांच्याकडे जातो.

आपला,
तापीकाठचा एक केळीवाला
(आवक नंबर तुमच्या रजिस्टरमध्ये आहेच)